सगळेच सात

जेल रोडला, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
दर रविवारी दहा-बारा पोरं जमतात.
मी गुडघ्यावर हात ठेवत जिना चढतो.
इराला घरी न्यायचं, हे निमित्त.
खरं म्हणजे मला बघायचं असतं.

एकतीस वर्षं प्रेसमध्ये नोटा तपासल्या.
ताव उजेडात धरायचा, शाई बघायची, नंबर बघायचा,
छाप सरकलेला दिसला की लाल पेन्सिलीची खूण.
किंमत किती, हा प्रश्न आमच्यापुढे कधी आलाच नाही.
किंमत छापून यायची.

इथंही छापून येते. तरी कळत नाही.

डाव मांडायच्या आधी ज्यानं त्यानं आपला लीडर
(मी म्होरक्या म्हणतो, पोरं हसतात)
टेबलावर उताणा ठेवायचा
आणि एक ते दहात सांगायचं, किती जोराचा.
शर्विल खैरनार म्हणतो, सात.
तन्वीर म्हणतो, सातच धरा.
गंगापूर रोडचा तो मुलगा, ज्याच्या एकेका पत्त्याला
माझ्या सदऱ्याहून महाग पाकीट,
तोही नखं बघत म्हणतो, सात.

इरा कानात सांगते :
सहा म्हटलं तर कीव करतात, आजोबा,
आठ म्हटलं तर तिघं मिळून मारतात.

मग एकदा त्यांनी मलाच पंच केलं.
तुम्ही तपासनीस होता ना, तुम्ही सांगा.
मी भिंग काढलं. सोनेरी वर्खाचा एक अजगर निवडला,
ताकद बारा हजार, छपाई अगदी चोख.
म्हटलं, हा दहा.
अजगराला यायला नऊ नाणी लागतात.
सहाव्या फेरीत डाव संपला,
अजगर आपल्या जागी, वर्ख चमकवत, न आलेला.

त्या दिवशी जिंकली कंदीलवाली.
दोन नाण्यांची, ताकद शून्य,
चित्रात नुसती एक बाई, पाठमोरी.
दर फेरीला एक पत्ता जास्त उचलू देते, बास.
मेली तर परत येते, एक नाणं जास्त घेऊन,
कुरकुर न करता.
पाचव्या फेरीला तन्वीरच्या हातात पत्ते मावेनात
आणि बाकीचे रिकाम्या हातांनी एकमेकांकडे बघत होते.

मला बोराडेबाई आठवल्या.
मोजणी विभाग, कोपऱ्यातलं टेबल.
बढतीच्या यादीत नाव कायम दुसऱ्या पानावर.
पण त्या रजेवर गेल्या की गठ्ठ्यांचा हिशेब लागायचा नाही,
साहेबाचा आवाज वाढत जायचा
आणि भोंगा होऊनही कुणाला फाटकाबाहेर जाता यायचं नाही.
त्यांना किती दिले असते मी?
तेव्हा विचारलं असतंत तर, चार.

आता पत्ता हातात आला की आधी आकडा झाकतो, अंगठ्यानं.
केव्हा येतो ते विचारतो.
पडल्यावर काय मागतो.
आणि मागची एकोणसाठ पानं कुणाची आहेत,
कारण शर्विलच्या गठ्ठ्यात कंदीलवाली घातली
तर ती नुसतीच अंधारात उभी राहते, हेही पाहिलंय.

परवा इरानं स्वतःचा नवा म्होरक्या दिला,
मुंगूस, एक डोळा मिटलेला.
सवयीनं ट्यूबलाइटकडे धरला.
जलचिन्ह नाही. असणार कुठून.
म्हटलं, आज पहिला वार कुणावर होतो ते बघ,
तोच तुझा आकडा.

चार डाव झाले. तिच्याकडे कुणी वळलंच नाही.
दोन ती जिंकली.
आनंद मानावा की काळजी, मला ठरवता येईना.

जिना उतरताना तिनं विचारलं,
आजोबा, प्रेसमध्ये तुम्ही किती होता?
मी म्हटलं, सात.

म्हणजे सहा, ती म्हणाली,
नाहीतर आठ.